नदीच्या मध्यावर थांबलेलं वाचन

ताई,

तुला अखेरचा निरोप देऊन तुझ्या घरी परत आलो. दाजींना जरा पडायला लावलं, चहाचं आधण ठेवलं, आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. तो माझ्याकडे होता, कारण तुझ्या लेकीला, सईला, तो हातात धरवत नव्हता. पडद्यावर नाव आलं, ‘घागमामा क्लास’. मी उचलला. पलीकडचा माणूस आधी नुसताच खाकरला.

"साहेब, बाईंचे भाऊ का तुम्ही? आमची चूक झाली. बाईंना तिथं थांबू द्यायला नको होतं आम्ही."

मी सेफ्टी ऑफिसर माणूस. मला वाटलं, तुला उन्हात कुठेतरी ताटकळत ठेवलं असणार. माझा आवाज चढला. "कुठे थांबवलंत? सावली होती का? पाणी दिलं होतं का?"

"नाय हो साहेब. गोष्टीत. होडी मधी नदीत असताना."

तेव्हा मला काही उमगलं नाही. मी त्यांना बरं म्हणालो, फोन ठेवला आणि चहा उतू गेलेला बघत उभा राहिलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढा मोठा इंजिनिअर आणि गॅस बारीक करता येत नाही.

तुझ्या त्या रविवारच्या वर्गाची मी कायम टिंगल केली. शाळेत आठवडाभर पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि सुट्टीच्या दुपारी दुबईतल्या अल कुसैसच्या कडेला, कंपनीची रीतसर परवानगी काढून, कामगारांच्या मेसमध्ये पुन्हा इंग्रजीच शिकवायचं, ही हौस मला कळत नसे. त्यात पन्नाशीत तू पीएच.डी.ला नाव घातलंस. विषय काय, तर गुलामगिरीविरुद्धच्या जुन्या कादंबऱ्यांनी लोकांचं मत कसं बदललं. मी म्हणालो, "ताई, दुबईत राहून हा विषय? तुला दुसरा मिळाला नाही?" तू म्हणालीस, "माणसाला माणसाची मालमत्ता मानायचं नाही, हे जगाला कसं पटलं ते मला बघायचंय. त्यात दुबईचा काय संबंध? तू तुझी हेल्मेटं मोज."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि शेवटपर्यंत चाललं. मी खलिफा सिटीहून सुट्टीला तुझ्याकडे यायचो ते कोंबडी-वड्यांसाठी आणि ह्या भांडणासाठी, हे दाजींनाही ठाऊक होतं. ते जेवण झालं की वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जायचे. "बहीण-भावाचं कोर्ट चालू द्या," म्हणायचे.

माझं म्हणणं सरळ होतं. गोष्टी वाचून माणसं रडतात, डोळे पुसतात आणि जेवायला बसतात. जग बदलतं ते कायद्याने. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचं, हा नियम आला म्हणून माझ्या साइटवरची माणसं दुपारी सावलीत बसतात. कुठल्या कादंबरीने त्यांना बसवलं? तू ताटावरून हात न काढता म्हणायचीस, "आणि नियम करावा असं कुणाला तरी वाटलं, ते का वाटलं? उन्हात चक्कर येऊन पडलेला माणूस त्याला कुठेतरी दिसला असेल ना? ज्याला दिसला नाही त्याला दाखवावा लागतो. दाखवायचं काम गोष्ट करते."

मग मी अभ्यास करून आलो. तुला हरवायला एक दिवस नेटवर बसलो आणि शोध लावला, की त्या काळात गुलामगिरीची बाजू घेणाऱ्यांनीही कादंबऱ्या लिहिल्या होत्या. मळ्यावर सगळे सुखात आहेत, मालक बापासारखा आहे, अशा. मी मोठ्या ऐटीत ते तुझ्यासमोर ठेवलं. म्हणालो, "बघ, तुझं हत्यार दोन्हीकडून चालतं." तू वड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलंस. मला वाटलं, जिंकलो. मग हसून म्हणालीस, "अरे, ज्याची भीती वाटत नाही त्याला उत्तर द्यायला कुणी एवढा कागद खर्च करतं का?" त्या दिवशी मी दोन वडे जास्त खाल्ले.

सई तर माझ्याहून कडक. तुझी लेक इथेच वाढली, कॉलेजात हेच सगळं शिकते. ती म्हणायची, "मम्मा, इट्स सो मेलोड्रॅमॅटिक! अँड इट्स ऑल अबाउट व्हाइट पीपल क्राइंग. व्हेअर आर देअर ओन व्हॉइसेस?" तिच्यावर तू कधी चिडली नाहीस. तू तिला सांगायचीस, की पळून सुटलेल्या माणसांनी आपापल्या हकिकती स्वतः लिहिल्या, सभांमधून उभं राहून सांगितल्या, आणि कादंबरीकारांनी पुष्कळ काही त्यांच्याकडूनच उचललं. त्या कादंबऱ्यांतले गुलाम फार सोशिक, फार देवभोळे रंगवले जायचे, हेही तू मान्य करायचीस. "पण सई, त्या काळी जी बाई मतही देऊ शकत नव्हती, तिच्या हातात एक लेखणी होती. तिने ती कुठे चालवली ते बघ." आपल्याकडे जातीविरुद्ध लिहिणाऱ्यांपर्यंत त्या लढ्याची खबर कशी पोचली, त्यांनी त्याचे दाखले कसे दिले, ह्याचं तुला फार अप्रूप होतं.

मग एके रविवारी मेसमध्ये इंग्रजीचा धडा रंगेना. सगळे दमलेले, आठवड्याची झोप डोळ्यांवर. तू पुस्तक मिटलंस आणि पिशवीतून एक प्रत काढलीस. बस स्टेशनजवळच्या दुकानातून छापून, स्पायरल घालून आणलेली, तुझ्या प्रबंधातली एक कादंबरी. आता ती कुणी वाचत नाही. अमेरिकेतल्या कुठल्याशा साप्ताहिकात कधीकाळी तुकड्या-तुकड्यांनी येत होती. इंग्रजी एकेक परिच्छेद वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा, असं तू सुरू केलंस.

गोष्ट जोसेफची. तो एका मळेवाल्याचा गुलाम, नदीवर होडी चालवणारा. त्याची बायको मार्था पलीकडच्या तीरावर, दुसऱ्या मालकाची. आठवड्यातून एकदा त्याला तिला भेटायची मुभा. आणि तिचा मालक आता मळा विकून दूर पश्चिमेकडे निघालाय, सगळ्या माणसांसकट.

मी ऐकलं तेव्हा तुला फोनवर झाडलं होतं. "ताई, अक्कल आहे का? बायकामुलांपासून लांब राहणाऱ्या लोकांना गुलामांची गोष्ट वाचून दाखवतेस? त्यांना काय वाटेल?" तू म्हणालीस, वर्गातल्या घागमामांना तू हेच विचारलं होतंस. आणि ते जवळजवळ रागावले होते. "बाई, आम्ही आमच्या पायांनी आलो. विकून नाय कुणी आणलं. गावाला घराचा स्लॅब पडला की मी चाललो परत. पण बायको पलीकडं, हे मात्र आमचंच हाय. तेवढं वाचा तुम्ही." तू मला हे सांगितलंस. तेवढ्यापुरता वाद मिटला होता.

आणि मग तो प्रकार घडला, ज्याच्यावर तू पुढे कित्येक दिवस हसत होतीस. एका प्रकरणाच्या शेवटी जोसेफला चोरून नदी ओलांडताना पकडतात आणि मालकासमोर बांधून उभं करतात. मूळ साप्ताहिकातही तो हप्ता तिथेच संपला होता. तुझ्या प्रबंधाचं सगळं गाडं ह्याच मुद्द्यावर उभं होतं. ऐन संकटात गोष्ट तोडायची, म्हणजे पुढचा अंक येईपर्यंत वाचणाऱ्याला चैन पडत नाही, तो शेजाऱ्याशी बोलतो, सभेला जातो. तू पुस्तक मिटायला लागलीस आणि घागमामांनी तुझ्या हातावर हात ठेवला.

"बाई, हितं नाय थांबायचं."

हे घागमामा रत्नागिरीकडचे, एसीच्या डक्टचं काम करणारे. गावाला श्रावणात अख्ख्या वाडीला पोथी वाचून दाखवायचे. पोथीचा नेम असा, की कुणी संकटात सापडलेला असताना वाचन थांबवायचं नाही. वनवास चालू असताना, वस्त्रहरण चालू असताना पोथी बांधून ठेवली तर ते घरावर येतं. सुटका होईपर्यंत वाचायचं, मग रात्र का होईना. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळ्यांनी लहानपणी हेच पाहिलं होतं. तू समजावलंस, की ही पोथी नाही, कादंबरी आहे. घागमामा म्हणाले, "माणूस बांधलेला हाय ना? मग झालं."

तू पुढचं प्रकरण वाचलंस. त्यात त्याला आणखी मारलं. मग त्याच्या पुढचं. बाहेर दाजी गाडीत बसून हॉर्न वाजवतायत, आत कुणी उठायला तयार नाही. शेवटी मालकाच्या म्हाताऱ्या आईच्या सांगण्यावरून जोसेफला सोडतात, तेव्हा कुठे घागमामांनी हात जोडले आणि म्हणाले, "आता मिटा." कुणीतरी खजुराचा डबा फिरवला.

त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. हसता हसता तुला बोलवेना. "अरे, माझा अख्खा सिद्धांत मोडीत काढला त्यांनी! मी गाइडला काय सांगू? वाचक थांबायलाच तयार नाहीत म्हणू?" त्यानंतर तू दर रविवारी आधी नीट बघून जायचीस, कुठे जरा बरं चाललंय, आणि तिथपर्यंतच वाचायचीस. शहाणी मुलगी.

आणि तुझा शेवटचा रविवार. जोसेफ पुन्हा होडी घेऊन निघालाय, नदीवर दाट धुकं आहे, पलीकडे मार्थाच्या मालकाच्या गाड्या जुंपल्यात. होडी मध्यावर आली आणि तू थांबलीस. "आज दम लागतोय मला. पुढच्या रविवारी," म्हणालीस. घागमामांनी तुझा चेहरा पाहिला आणि पुस्तक मिटू दिलं. त्याच संध्याकाळी तू मला फोन केलास तो गावाला गेलास की येताना आमसुलं आण हे सांगायला. दम लागल्याचं एका शब्दाने बोलली नाहीस. बुधवारी दाजींचा फोन आला.

तर घागमामांच्या डोक्यात बसलं होतं ते हे. होडी मध्यावर सोडली, नेम मोडला, आणि बाई गेल्या. त्यांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, खोलीतले सगळे तेच म्हणतायत, कुणाला जेवण जात नाही, तुम्ही येऊन तेवढी होडी पार करून द्या. ताई, मी आयुष्यभर अपघाताची कारणं शोधायचं काम केलं. कारण काय, चूक कुणाची, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाचं दुखणं जुनं असणार. हे मी मामांना सांगितलं. ते "हो साहेब, हो साहेब" म्हणाले आणि त्यांना काडीचंही पटलं नाही. मी येतो म्हणालो.

तुझ्या टेबलावरून ती प्रत घेतली. सवयीप्रमाणे आधी साइट तपासायची म्हणून सकाळच्या चहाबरोबर उरलेली पानं वाचून काढली. आणि चहा तसाच राहिला. कारण एकच प्रकरण उरलं होतं, आणि त्यात सुटका नव्हती. धुकं विरतं, जोसेफ किनाऱ्याला लागतो, आणि तिथे चिखलात गाड्यांच्या चाकोऱ्या असतात. बस. मार्था गेलेली आहे. मग ती लेखिका गोष्ट तिथेच टाकते आणि वाचणाऱ्याकडे वळते. पुढचं मी लिहिलेलं नाही म्हणते, कारण ते तुमच्या हातात आहे.

मी दाजींना दाखवलं. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते, तरी त्यांनी व्यवहाराचं बोलून दाखवलं. "बदलून सांग. भेटली म्हण दोघं. कोण तपासायला बसलंय?"

सई दारात उभी होती. "डोन्ट यू डेअर, मामा. शी वूड हेट इट."

दोघांचंही खरं होतं. मला तुझाच राग आला. हा शेवट तुला ठाऊक होता. हे लोक असं मिटू देणार नाहीत हेही ठाऊक होतं. मग पुढच्या रविवारी तू काय करणार होतीस? आणि त्या दिवशी थांबलीस ती खरंच दम लागला म्हणून, की पुढचं वाचायची तुझी छाती होत नव्हती? हे मला कधीच कळणार नाही आणि ते मला फार लागतंय.

रविवारी आम्ही गेलो. दाजी गाडीतच बसले, आत यायला नको म्हणाले. सई माझ्याबरोबर आली. मेसची टेबलं बाजूला सारून सगळे खाली बसले होते, आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून. तुझी खुर्ची मोकळी ठेवली होती. मी तिच्यात बसलो नाही, शेजारी उभा राहिलो. किशोर नावाचा एक स्कॅफोल्डिंगवाला मागून म्हणाला, "यल्ला साहेब, करा सुरू. पार करा त्याला."

मला तुझ्यासारखं वाचता येत नाही. सेफ्टीच्या सूचना वाचाव्यात तसं मी वाचलं. इंग्रजी मागे पडलं, नुसतं मराठीत सांगत गेलो. होडी लागली तेव्हा दोघा-तिघांनी सुस्कारा टाकला. मग चाकोऱ्या आल्या. दाजींचं म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. सईने माझ्याकडे पाहिलं. मी होतं तसं वाचलं, अखेरच्या ओळीपर्यंत.

घागमामांनी पुढे होऊन पानावर पंजा ठेवला. "पुढं?"

"पुढं नाही, मामा."

"असं कसं? असं सोडत्यात काय माणसाला?"

"लिहिणारीनेच सोडलंय. मामा, बाई थांबल्या त्यात तुमचा काही दोष नाही. पुढे वाचलं असतं तरी सुटका नव्हतीच. पुस्तकच असं आहे."

त्यांनी हात काढला नाही. मग किशोरने विचारलं, "गोष्ट ऱ्हाऊ द्या. खरं काय झालं पुढं? त्या देशात?"

मी सांगितलं. मोठं युद्ध झालं, माणसं मेली, आणि मग कायदा झाला, की माणसाला कुणी विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही. त्रास बराच राहिला, पिढ्यान्पिढ्या राहिला, पण बाजार बंद झाला.

"कायदा कुणी केला?" घागमामांनी विचारलं.

ताई, ह्या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्या जेवणाच्या टेबलावर किती वेळा दिलं होतं. सरकारने केला, सैन्याने लादला, गोष्टींनी काही होत नसतं. तेच द्यायला तोंड उघडलं. पण समोर तो पंजा होता, पानावर दाबून ठेवलेला, आणि एक माणूस पुस्तक मिटू देत नव्हता. मी म्हणालो, "जे पळाले, ज्यांनी बंड केलं, ज्यांनी उभं राहून आपली हकिकत सांगितली, त्यांनी. आणि तुमच्यासारखी माणसं घराघरांत हे असलं वाचत बसली होती. त्यांना ते मिटता येईना. त्यांनी सभा भरवल्या, अर्ज केले, सरकारला स्वस्थ बसू दिलं नाही. कायदा होईपर्यंत त्यांनी मिटलं नाही."

शब्द माझ्या तोंडून निघत होते आणि मला ऐकू तुझा आवाज येत होता.

घागमामांनी पंजा उचलला, छातीशी हात जोडले आणि म्हणाले, "म्हणजे सुटका झाली. उशिरा झाली, पण झाली. मिटा आता साहेब." आणि मग ते मोठ्याने रडले, तुझं नाव घेऊन. त्यांच्याबरोबर बाकीचेही. सई त्यांच्यापाशी जाऊन बसली.

गाडीत बसल्यावर दाजींनी विचारलं, "झालं वाचून?" मी हो म्हणालो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तू गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

ताई, तुझं बरोबर होतं. निदान अर्धं तरी. उरलेल्या अर्ध्यावर भांडायला तू हवी होतीस गं.